गल्लीभरचा चहा आणि दांडीची सायकल

आमची नात सायकलच्या शर्यती खेळते. पहाटे नांदेडहून विष्णुपुरीच्या रस्त्यानं सुसाट जाते, आणि त्याआधी तासभर एक कप काळी कॉफी घेते. बिनदुधाची, बिनसाखरेची. त्यापेक्षा कडुनिंबाचा काढा बरा.

"आजी, हिनं पाय उशिरा दमतात," ती म्हणते. "म्हणजे दमतातच, पण डोक्याला ते कमी जाणवतं. जोर लावताना तेवढं पुरतं. जास्त घेतली तर मात्र हात थरथरतात, आणि सुरुवातीलाच सगळा दम संपवून बसतो माणूस."

मी हसले. हे ज्ञान मला कॉलेजात असतानाच मिळालं होतं. फक्त कॉफीच्या जागी चहा होता, आणि मोजायला कुणी नव्हतं.

लातूरला आमचं किराणा दुकान. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दांडीची सायकल मी चालवायचे आणि सगळी गल्ली आपल्याकडंच बघते असं समजायचे. वाऱ्यावर वेणी उडावी म्हणून वारा नसताना स्वतःच मान झटकणारी पोरगी होते मी. अप्पांनी स्कूटर घेतली तेव्हा सायकल चाकूरच्या मामाला द्यायचं ठरलं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी अप्पा म्हणाले, "कॉलेजात पोरींची शर्यत हाय म्हणं. पहिल्या तिघींत आलीस तर सायकल तुझी. न्हाई तर चाकूरला."

शर्यतीच्या सकाळी माय म्हणाली, "गल्लीतल्या मोठ्यांच्या पाया पडून ये." परीक्षेला जाताना आम्ही असेच घरोघर जायचो. पण परीक्षेला जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात. शर्यतीला काय द्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येक घरानं चहा दिला. "घे पोरी, पायात जोर येतो." नाही म्हणायची सोय नव्हती. कुणाकडं कमी प्यावा तर, "तिच्याकडं कपभर पिलीस अन् आमच्याकडं बशीवर भागवायलीस?" चहा असा की जिभेवर रंग राहावा.

गंजगोलाईपाशी रांगेत उभी राहिले तेव्हा हात हँडलवर नाचत होते. मला वाटलं, जिंकणाऱ्याला असंच होत असेल. शिट्टी झाली आणि मी जी सुटले! पाय माझे नव्हतेच जणू, दम कशाला म्हणतात ते आठवेना. औसा रोडला लागले तर मागं कुणी दिसेना. मी मागं वळून हातही हलवला, मिरवणुकीत निघाल्यासारखा.

आणि मग पाय एकदम शिशाचे झाले, आणि गल्लीभरचा चहा बाहेर निघायची वाट मागू लागला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. शेवटी एका अनोळखी घराच्या भिंतीला सायकल टेकवली आणि दारातल्या बाईच्या कानात विचारलं. तिनं परसाकडं बोट केलं. मी परत आले तर ती कपबशी घेऊन उभी.

"मावशी, माझी शर्यत चालू हाय."

"चालू दे की. पहिल्यांदा घरी आलीस, तशीच जाशील व्हय?"

मी बसले. बसून, फुंकून प्यायले. वर, चहातलं आलं छान लागतंय असंही म्हणाले. माझ्यासमोरून पोरी एकेक करून जात होत्या.

पाचवी आले. अप्पा रेषेजवळ उभे होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "चहा टाकून तर न्हाई आलीस?"

"न्हाई. पूर्ण पिले."

"बरं केलंस. आलेल्या चहाला न्हाई म्हणू नये." मला जरा आशा वाटली. "सायकल सोमवारी चाकूरला."

एसटीच्या टपावर टाकून पाठवायची होती. मी म्हणाले, मीच चालवत नेते. अप्पांनी चाकांत हवा भरून ठेवली. आमच्याकडं त्यालाच होकार म्हणतात. सोमवारी उजाडताच निघाले, फक्त पाणी पिऊन. दोन्ही बाजूंना तूर फुलली होती, रस्ता मोकळा, आणि पाय दमले की लगेच कळत होतं. दमले की उतरायचे, सायकल धरून चालायचे, पुन्हा बसायचे. वेणी उडते का ते त्या दिवशी बघितलं नाही. तितकं चांगलं सायकल चालवणं मला पुन्हा जमलं नाही.

मामानं अंगणात सायकल बघितली आणि डोकं खाजवलं. "आणलीस खरी पोरी, पण मला कुठं चालवता येती?"

"मग हो कशाला म्हणालात?"

"दाजी द्यायलेत म्हणल्यावर न्हाई कसं म्हणावं?"

मामी चहा टाकायला आत गेली. दुसऱ्या दिवशी मी त्याच सायकलवर लातूरला परत. अप्पांनी दुकानातूनच बघितलं, कारण ऐकलं, आणि बराच वेळ तराजूचं पारडं पुसत राहिले.

"आता सायकल हाय. उद्यापासून कॉलेजला उशीर करायचा न्हाई," ते म्हणाले.

मी हो म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी उशीर केला. कॉलेजच्या वाटेवर औसा रोडची मावशी दारातच उभी होती.