आत्या आणि शालनचं डोकं

माझ्या आत्याइतक्या गंभीरपणे तान्ह्या लेकरांशी बोलणारं माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरं नसेल. सहा महिन्यांच्या पोराला ती कांद्याचा भाव सांगायची, विहिरीला पाणी कुठवर आलं ते सांगायची, आणि वर त्याचं मत विचारायची. पोराने हुंकार दिला की "हाव, मलाबी तसंच वाटतंय," म्हणून पुढच्या विषयावर. कुणाच्या घरी गेली तर आधी चुलीवरचं भांडं उघडून बघायची, मग त्या घरातल्या लेकराची पाटी. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा परीक्षेच्या दिवशी ती जळकोटहून एसटीने गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली आणि हॉस्टेलच्या दारात मला सगळ्यांसमोर ते खायला लावले. "रिकाम्या पोटी गणित सुटत न्हाई," हे तिचं एकमेव शास्त्र.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळातली गोष्ट. आत्या जळकोटला रस्त्याच्या कामावर पाळणाघर सांभाळायची. आया खडी फोडायच्या आणि ती पत्र्याखाली त्यांची लेकरं घेऊन बसायची, सरकारकडून मिळणारी सुकडी भरवायची, बोलत राहायची. त्यातल्या एका बाईची थोरली मुलगी शालन दुसरीत होती. नव्या जिल्ह्याचे साहेब शाळा तपासायला येणार म्हणून गुरुजींनी कच्ची पोरं घरी बसवायचं ठरवलं. शालनच्या आईला ते म्हणाले, "हिचं डोकं चालत न्हाई. कामावर न्या."

आत्याला कळल्यावर तिने शालनला विचारलं, "काय खाल्लंस ग?"

"काल खाल्लं व्हतं," शालन म्हणाली.

आत्या तिला घेऊन तडक शाळेत. "गुरुजी, डोकं चालत न्हाई म्हणता. पर ते चालंल कशावर?"

गुरुजी वाईट नव्हते. म्हणाले, "बाई, साहेब जाऊ द्या. मग शाळेत येऊ द्या, सहामाहीपर्यंत बघू."

आत्याने शालनला घरी आणलं. कामावरून आल्यावर धाकट्या भावाला कोण सांभाळणार म्हणून आई अडून बसली, तेव्हा त्यालाही आणलं. दोघांना दोन वेळची भाकरी, आणि पाळणाघरात नि घरीही दिवसभर आत्याचं बोलणं. आई काय वाईट होती का? पण दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईला लेकराशी बोलायला त्राण कुठलं, असं आत्याच म्हणायची. शालन मात्र दगडासारखी गप्प. गल्लीतले लोक आत्याला हसायला लागले. शेवटी कामाला सुट्टी असलेल्या एका दुपारी, जोंधळे पाखडताना, आत्या शेजारणीला सांगत होती की आमचे दादा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, उदगीरला गेलेत. कोपऱ्यातून आवाज आला, "उदगीर न्हाई, अहमदपूर. सकाळी तुमीच म्हणलात."

आत्याने सूप खाली ठेवलं. "अजून काय काय ऐकलंस?" तिने विचारलं, आणि त्या दिवसापासून शालन जी बोलायला लागली ती लग्न होईपर्यंत थांबली नाही. सहामाहीत ती पास झाली. आज ती लोह्याच्या दवाखान्यात नर्स आहे.

आत्या थकल्यावर एकदा मी तिला म्हणालो, "शालनला तू घडवलंस."

"ती हुशारच व्हती रे," ती म्हणाली. "तिच्यासंगं घरी बसवलेली तिची चुलत बहीण तिच्याहून हुशार व्हती. पर माझ्या घरात जागा दोघांचीच."

त्या बहिणीचं पुढे काय झालं, हे मी विचारलं नाही. आत्या खिडकीबाहेर बघत तिचं नाव आठवत होती.