मागच्या डेकवरचे दोघे

ब्रिटिश डिस्ट्रॉयरवर माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. हुद्दा सिग्नलमन. लढाईचं चौथं वर्ष चालू होतं. आमच्या हिंदी नौदलासाठी नवी जहाजं बांधली जात होती. त्यांच्यासाठी माणसं तयार करायची म्हणून आमच्यातल्या चौघांना सहा महिन्यांकरता त्या जहाजावर धाडलं. सकाळी साडेसातला मुंबईच्या गोदीत आम्ही गँगवेवरून वर चढलो, सॅल्यूट ठोकला आणि आठ वाजता कामाला लागलो.

माझं गाव तेर. वडिलांचं धान्याचं दुकान. मुलूख निजामाचा, त्यामुळं शिक्षण उर्दूतून झालं, पण उस्मानाबादच्या शाळेत एका मास्तरांनी इंग्रजी पक्कं करून घेतलं होतं. भरती मात्र सोलापूरला, कारण तिथं इंग्रजांचा अंमल. नाव लिहून घेणाऱ्या साहेबानं विचारलं, "तुम्ही निजामाची रयत. इकडं कशाला आलात?"

मी म्हणालो, "तिकडं समुद्र न्हाय, साहेब."

तो हसला नाही. पुढच्या रकान्यात त्यानं 'नौदल' असं लिहिलं.

आमच्या चौघांत दस्तगीर परंड्याचा निघाला. हुद्दा ऑर्डिनरी सीमन, माझ्याहून वर्षानं मोठा. त्याचे वडील नालबंद, बैलांना पत्री ठोकायचे. दस्तगीरनं दहाव्या वर्षापासून हातोडी धरलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "तेरचा का तू? मग पत्री ठोकायला तुमच्या घरचे बैल अब्बांनीच आडवे पाडले असतील." तसं काही नव्हतं, तेरला आमचा वेगळा नालबंद होता. पण त्या दिवसापासून आम्ही जेवायला शेजारी बसू लागलो. माझं नाव मल्लिकार्जुन. तो मला मल्लू म्हणायचा. पुढं गोरे खलाशीही तेच म्हणायला लागले.

डिस्ट्रॉयर म्हणजे काय, हे मला गावाकडं पुष्कळांनी विचारलं आहे. लांब, अरुंद आणि फार वेगवान लढाऊ जहाज. पत्रा पातळ. त्याचं बळ वेगात. धनगराचं कुत्रं जसं मेंढरांच्या भोवती पळतं, तसं डिस्ट्रॉयरनं मालवाहू जहाजांच्या ताफ्याभोवती, म्हणजे कॉन्व्हॉयभोवती पळायचं आणि पाणबुडी हुसकून मारायची. आमच्या जहाजाला एका इंग्रजी नदीचं नाव होतं. ते जहाज जुनं होतं, बॉयलर कुरकुरायचे, पण माणसं कसलेली होती. मी चढल्यापासून चार महिन्यांत आम्ही पाच कॉन्व्हॉय पोचते केले. त्यातलं एकही जहाज आम्ही गमावलं नाही. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या सज्जावर उभं राहिलं की छाती भरून यायची, हे मी आजही लपवत नाही.

माझं काम ब्रिजवर. हातात अल्डिस लॅम्प, म्हणजे उघडझाप करून बोलणारा दिवा. रेडिओ बंद ठेवायचा हुकूम असायचा, कारण रेडिओ शत्रूलाही ऐकू जातो. त्यामुळं जहाजं एकमेकांशी दिव्यानं बोलायची. माझा वरिष्ठ पेटी ऑफिसर हॅलम. तो मिनिटाला किती शब्द चुकले तेवढंच सांगायचा. ज्या दिवशी काही बोलला नाही, तो दिवस चांगला.

दस्तगीरचं काम मागच्या डेकवर, डेप्थ चार्जवर. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटकानं भरलेलं लोखंडी पिंप. ते समुद्रात सोडायचं. ठरलेल्या खोलीवर गेलं की पाण्याच्या दाबानं फुटतं आणि जवळ पाणबुडी असेल तर तिची पाठ मोडतं. खोली एका चावीनं लावायची. चावी 'सेफ'वर फिरवली की पिंप फुटत नाही. चावी अडली तर आतला प्रायमर, म्हणजे स्फोट पेटवणारी नळी, हातानं बाहेर काढायची. मागच्या डेकवर अशी तीस पिंपं रुळांवर रचलेली असायची.

दस्तगीरला हे शिकवलं लीडिंग सीमन बेट्सनं. बेट्स चोवीस वर्षांचा, बारीक, तांबड्या केसांचा, कमी बोलणारा. तो दस्तगीरच्या डोळ्यांवर रुमाल बांधून चावी फिरवायला लावायचा. महिन्याभरात दस्तगीर बेट्सच्या पुढं गेला. बेट्सनं सगळ्यांसमोर घड्याळ दाखवलं आणि म्हणाला, "आता हा मला शिकवील."

मी त्याचं मराठी करून सांगितलं. दस्तगीर म्हणाला, "त्याला सांग, बैल लाथा मारतो. पिंप न्हाय मारत. सोपं हाय."

मी सांगितलं. बेट्स बराच वेळ हसत होता.

सहावा कॉन्व्हॉय एडनहून मुंबईला निघाला. नऊ मालवाहू जहाजं. पुढं आम्ही, दोन बाजूंना हिंदी नौदलाची दोन लहान जहाजं. चौथ्या दिवशी समुद्र तेलासारखा सपाट होता. सकाळी आठला मी वॉचवर, म्हणजे पाळीवर आलो. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मी डाव्या बाजूच्या जहाजाला 'जागेवर राहा' असा निरोप देत होतो. शेवटचा शब्द पुरा व्हायच्या आत टॉर्पेडो लागला.

आवाजापेक्षा धक्का आठवतो. पायाखालचं पोलाद वर आलं आणि मी रेलिंगवर आपटलो. उठलो तेव्हा इंजिन बंद पडलं होतं. चार महिने अंगात भिनलेली ती थरथर थांबली होती. टॉर्पेडो मागच्या इंजिनरूममध्ये लागला होता. तिथं ड्यूटीवर असलेल्यांपैकी कोणीही वर आलं नाही.

कॅप्टनचा आवाज नेहमीसारखाच होता. "सिग्नल्स, एस्कॉर्टच्या दोन्ही जहाजांना कळव. टॉर्पेडो लागला. पाणबुडी बहुधा उजवीकडं. तुम्ही पाणबुडीच्या मागं जा, आमच्यासाठी थांबू नका."

दिवा शाबूत होता. मी निरोप दिला. समोरून 'समजलं' अशी एक चमक आली.

नऊ छप्पन. जहाज मागून बसायला लागलं होतं. कॅप्टननं मागच्या डेकला फोन लावला. लाइन बंद पडली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मी सगळ्यांत जवळ होतो.

"मागं जा. डेप्थ चार्ज सेफ आहेत का विचार. उत्तर घेऊनच परत ये."

या प्रश्नाचा अर्थ ब्रिजवर प्रत्येकाला माहीत होता. त्या दिवशी पिंपांच्या चाव्या खोलीवर लावलेल्या होत्या, कारण पाणबुड्यांचा इशारा होता. तशा अवस्थेत जहाज बुडालं, तर पिंपं ठरलेल्या खोलीवर जाऊन फुटणार. वर पाण्यात पोहणारी माणसं असतील तर त्यांची आतडी फाटणार. बाहेरून जखम दिसत नाही आणि माणूस वाचत नाही. दुसऱ्या जहाजांवर असं झालेलं हॅलमनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी धावलो. मधला डेक फाटला होता. वाफ, तेल. एका बाजूनं रेलिंगला धरून गेलो. मागच्या डेकवर पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. तिथला पेटी ऑफिसर आडवा पडला होता, गेलेला. बेट्सच्या कपाळातून रक्त वाहत होतं. तो आणि दस्तगीर दोघंच काम करत होते.

मी ओरडून विचारलं, "कॅप्टन विचारतायत. सेफ हायेत का?"

दस्तगीरनं मान वर केली नाही. "चोवीस झाली. सहा राह्यली."

"किती वेळ?"

"रूळ वाकलाय. चाव्या फिरत न्हाईत. प्रायमर काढावा लागतोय." त्यानं एक नळी ओढून काढली आणि समुद्रात फेकली. "पाच."

बेट्स इंग्रजीत म्हणाला, "चार मिनिटं हवीत. त्यांना चार मिनिटं थांबायला सांग."

मी दस्तगीरला म्हणालो, "मी थांबतो. मला एक दाखव."

"तुला येत न्हाय ते. मध्ये येऊ नको," तो म्हणाला. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तू जा की, मल्लू. त्यांना कुणी सांगितलं न्हाय तर ते आत्ताच उड्या टाकतील."

त्याचं बरोबर होतं. मी परत फिरलो. मी भ्यालो म्हणून फिरलो नाही, हुकूम होता आणि निरोप पोचवणं हेच माझं काम होतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे आणि ते खरं आहे.

नऊ एकोणसाठला ब्रिजवर पोचलो. "सहा बाकी होती, सर. आता पाच. चार मिनिटं मागतायत."

कॅप्टननं इंजिनीअरकडं पाहिलं. इंजिनीअर म्हणाला, "कदाचित मिळतील."

"मग थांबू," कॅप्टन म्हणाले.

शंभरावर माणसं पुढच्या डेकवर लाइफ-बेल्ट बांधून उभी होती. डेक तिरका होत चालला होता. कोणी उडी मारली नाही. कोणी ढकलाढकली केली नाही. जखमींना तराफ्यांवर बांधून घेतलं. हॅलमनं सिग्नलची गुप्त पुस्तकं शिशाच्या पेटीत घालून समुद्रात टाकली. मागच्या डेककडं पाहत राहू नये म्हणून मी त्याला हात दिला.

दहा वाजून तीन मिनिटांनी हुकूम आला. "अबँडन शिप." जहाज सोडा.

आम्ही उतरलो आणि जमेल तेवढं लांब पोहत गेलो. गावच्या तेरणा नदीत पोहायला शिकलेला माणूस मी. समुद्राचं पाणी माणसाला वर धरतं, ते त्या दिवशी कळलं. मागं वळून पाहिलं तेव्हा जहाजाचा मागचा भाग पाण्याखाली गेला होता आणि नाक वर उठलं होतं. दहा वाजून पाच मिनिटांनी जहाज गेलं. फार आवाज झाला नाही.

हॅलम ओरडला, "पाठीवर व्हा. पोट वर ठेवा." आम्ही सगळे पाठीवर झालो. असं केलं तर धक्का थोडा कमी बसतो म्हणतात. वर निळं आभाळ होतं. मी आकडे मोजायला लागलो. पिंप ज्या खोलीवर लावलेलं होतं तिथं पोचायला किती सेकंद लागतात ते मला दस्तगीरनंच सांगितलं होतं. तेवढे झाले. मग दुप्पट झाले. शेजारी एक गोरा खलाशी डोळे मिटून ओठ हलवत होता.

काहीच झालं नाही.

एक पिंपही फुटलं नाही. समुद्र सपाटच राहिला. बऱ्याच वेळानं कॅप्टनचा आवाज आला, "त्यांनी केलं." एवढंच. मग पाण्यात कोणीतरी बेट्सला हाक मारली. दस्तगीरला मी मारली. नंतर सगळेच हाका मारायला लागले.

एक वाजता हिंदी नौदलाचं जहाज परत आलं आणि त्यानं आम्हाला उचललं. पाणबुडी निसटली होती. नऊ मालवाहू जहाजं मात्र मुंबईला पोचली. डेकवर हजेरी झाली. नाव घेतल्यावर उत्तर आलं नाही की लिहिणारा तीन मोजून पुढं जायचा. बेट्सच्या नावाला आणि दस्तगीरच्या नावाला तो जास्त थांबला.

तीन आठवड्यांची रजा मिळाली. घरी दोन दिवस काढले आणि परंड्याला गेलो. दस्तगीरचे वडील, हुसेनचाचा, दारातल्या लिंबाखाली एका बैलाचे पाय बांधत होते. सरकारी तार त्यांना आधीच मिळाली होती. मी कोण ते सांगितलं. त्यांनी बैलाचे पाय सोडले, मालकाला उद्या यायला सांगितलं आणि मला घोंगडीवर बसवलं. चाची दाराआड येऊन उभ्या राहिल्या.

मी जसं इथं लिहिलं तसंच सांगितलं, वेळेसकट.  शेवटी चाचा म्हणाले, "म्हणजे तिसाच्या तीस झाली?"

"व्हय चाचा. एक जरी राह्यलं असतं तरी मी इथं बसलो नसतो."

"तू डोळ्यानं बघितलं का त्याला? शेवटी?"

"जहाज जायच्या सात मिनिटं आधी. हात चालत होते त्याचे. घाबरलेला नव्हता."

दाराआडून चाचींनी विचारलं, "जेवला होता का सकाळी?"

"व्हय चाची. माझ्याच शेजारी बसून."

त्या आत गेल्या.  मग चाचांनी विचारलं, "आणि तो बेट्स. त्याला आईबाप हायेत का?"

मला माहीत नव्हतं.

"त्यांच्या घरी कुणी गेलं असंल का, असं सांगायला?"

"तार गेली असंल चाचा. सांगायला कुणी न्हाय जात तिकडं."

"मग तू लिही. तुला इंग्रजी येतं. मी सांगतो तसं लिही."

त्यांनी उर्दूत सांगितलं आणि मी इंग्रजीत उतरवलं. तुमचा मुलगा आणि माझा मुलगा एकाच जागी एकच काम करत होते. तुमच्या मुलानं माझ्या मुलाला ते काम शिकवलं. दोघांनी ते पुरं केलं, म्हणून बाकीची माणसं घरी आली. त्यातला एक आज माझ्या दारात बसून हे लिहितो आहे. तुमचा मुलगा एकटा नव्हता.

बेट्सच्या घरचा पत्ता मला हॅलमनं मिळवून दिला. जहाजाचं आणि समुद्राचं नाव लिहायला बंदी होती, ते आम्ही लिहिलंच नव्हतं. सेन्सॉरनं एक शब्दही खोडला नाही.

उत्तर पाच महिन्यांनी आलं. तेव्हा मी दुसऱ्या जहाजावर होतो, आता लीडिंग सिग्नलमन. पत्र बेट्सच्या आईचं होतं. मुलगा बेपत्ता, यापलीकडं तिला काहीच कळवलेलं नव्हतं. कसं झालं ते तिला आमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. दर रविवारी चर्चमध्ये मी दोघांची नावं घेते, असं तिनं लिहिलं होतं. पण दुसरं नाव आपण नीट घेतो की नाही याची तिला खात्री नव्हती. ते कसं म्हणायचं, ते कृपा करून कळवा.

मी अक्षरं फोडून लिहून पाठवली. 'त'च्या जागी इंग्रजी 'टी' लिहिला आणि खाली टीप दिली की इथं जीभ दातांना लावायची.

पुढच्या रजेत ते पत्र परंड्याला नेऊन वाचून दाखवलं. चाचांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आपणबी त्याचं नाव घेऊ. मला नीट सांग." मी सांगितलं. त्यांनी चार-पाच वेळा म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडून ते दर वेळी 'बेटा'सारखंच यायचं. मी दुरुस्त केलं नाही.