चुकाडा म्हणजे चूक नव्हे

अन्याय झाला तो आमच्या कॅचरवर. कधी? मी अकरावीत होते त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, धुळ्याच्या मैदानावर, पाचव्या डावात. मी विसरलेले नाही आणि कुणाला विसरूही देणार नाही.

सॉफ्टबॉल म्हटलं की लोक विचारतात, "ते काय असतं, ताई?" बेसबॉलची धाकटी बहीण, एवढं सांगून मी पुढे जाते. जळगावच्या आमच्या संघाची मी कर्णधार. मी पिंप्राळ्याहून सायकलवर सरावाला यायची, आमची कॅचर धरणगावहून पॅसेंजरने. गाडी उशिरा आली तर सराव उशिरा. पिचरचा चेंडू अडवायला दुसरी होती कुठे?

त्या दिवशी समोर धुळ्याच्या मुली. आमची कॅचर तिसऱ्यांदा बॅट घेऊन उभी राहिली. आधी दोनदा तिने डावीकडे मारलं होतं आणि दोन्ही वेळा ती झेलबाद झाली होती. म्हणून सगळ्या मुली डावीकडे सरकल्या. तिने ते हेरलं आणि चेंडू हलकेच उजव्या अंगाला घातला. कुणाचा हात लागला नाही. चेंडू थेट कडेच्या बाभळीपर्यंत घरंगळला आणि बेसवरच्या आमच्या दोघी धावत घरी, म्हणजे होम बेसवर, आल्या. दोन धावा!

नेमकी तेव्हाच धूळ उडाली. स्कोअर लिहिणारे गृहस्थ बाहेरगावचे. दोन्ही हातांनी कागद दाबून, डोळे मिटून बसलेले. धूळ बसल्यावर मला विचारतात, "काय झालं?"

मी आनंदाने ओरडले, "बठ्ठासले चुकाडा तिनी!"

आमच्या बोलीत चुकाडा म्हणजे चुकवला. तिने सगळ्यांना हुलकावणी दिली, एवढंच मी म्हटलं. गृहस्थांनी त्यातली 'चूक' तेवढी उचलली. धुळ्याच्या उजवीकडच्या खेळाडूच्या नावावर चूक लागली आणि समोरचीची चूक लिहिली की मारणारीचा फटका मोजत नाहीत, म्हणून आमच्या कॅचरच्या नावापुढे दिवसभराचे फटके: शून्य.

सामना आम्ही जिंकलो. कागद सहीला आला. एका हातात शेंगा होत्या, दुसऱ्या हाताने मी न वाचता सही ठोकली. हा माझा गुन्हा आहे, तो मी लपवत नाही.

राज्याच्या संघाची निवड त्याच कागदावरून झाली. यादीत तिचं नाव नव्हतं. ती यादीपुढे उभी राहून हसली. "आपली बोलीनी मना फटका खाई टाका!" म्हणाली, आणि गाडीला अवकाश असतानाच स्टेशनवर निघून गेली.

मी निवड समितीतल्या नानांना गाठलं.

"सामना जिंकलात ना? मग रडता कशाला?"

"रडत नाही, नाना, विचारते. ज्या चेंडूला हातच लागला नाही, त्यात चूक कुणाची?"

"कागद बोलतो, पोरी. तू नाही."

मग मी धुळ्याला जाऊन ती उजवीकडची खेळाडू शोधून काढली. ती माझ्यापेक्षा जास्त भडकली. "माझ्या नावावर चूक? अगं, मी तर पार तिकडे होते!" तिने तिथल्या तिथे वहीचं पान फाडून लिहून दिलं.

नानांनी ते वाचलं, चष्मा काढला. "तुम्ही दोघी खेळाडूच. बघणाऱ्यांपैकी एकाने तरी लिहून दिलं, तर कागद दुरुस्त करतो." एवढं मी त्यांच्याकडून वदवून घेतलं.

आमची कॅचर आता धरणगावला मुलींना बॅट धरायला शिकवते. मुली विचारतात, "अक्का, त्या सामन्यात तुमचे फटके किती?" राज्याचा संघ तिला आता मिळणार नाही. तो एक फटका मिळू शकतो.

त्या दुपारी मैदानाच्या कडेला डबे उघडून माणसं बसली होती. "मारला रे मारला!" असं ओरडलात ते तुम्हीच. तर आता गप्प बसू नका. नानांच्या नावाने एक पोस्टकार्ड घ्या. लिहा: चेंडूला कुणाचा हात लागला नाही. खाली सही करा. मात्र वाचून करा.