वत्सलाचा सतरा नंबर

वत्सला गेली त्याला सहा आठवडे झाले. त्या सकाळी दवाखान्यातून मुलाचा फोन आला, "अण्णा, आई..." एवढंच. माझ्या बायकोनं चाळीस वर्षं माझं एक गुपित पोटात ठेवलं, तेच सांगायला बसलोय. लग्नात मी मॅट्रिक पास म्हणून मिरवलो होतो. खरं म्हणजे गणितात साफ गचकलो होतो. ट्रंकेतली गुणपत्रिका तिला पहिल्याच वर्षी सापडली. घडी घालून तिनं ती परत ठेवली अन् विचारलं, "चहा टाकू का?" बस्स.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फिल्म क्लबात मी मोठा जाणकार! पाच वर्षांपूर्वी तिथं एक चक्रम ब्रिटिश विनोदी सिनेमा लावला होता. एका गावात माणसांची लपवलेली गुपितं रोज दुपारी कपाटातून चालत बाहेर येतात. फौजदाराच्या कपाटातून तर टोपी घातलेली शेळी निघाली. मी गंभीरपणे मान डोलावत होतो अन् वत्सला तोंडाला पदर लावून खिदळत होती. मनात म्हटलं, हिला काय कळतंय!

नंतर चर्चेत ती उभी राहिली. वाटलं, आता ही माझं कपाट उघडणार!

"माझंबी एक हाय," ती म्हणाली. "मी सातवी पास. गंगापूरला बहिणीकडं जाते म्हणते, पण तिथनं बाहेरून दहावी द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. गणित लई छळतं."

टाळ्या पडल्या. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली बुटांकडं. भेकड लेकाचा!

क्लबातल्या एका प्राध्यापकबाईंनी तिला दर रविवारी गणित शिकवलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी वत्सलाबाई दणक्यात पास झाली! मी मुकुंदवाडीभर पेढे वाटले. "अण्णा, तुमीच शिकवलं असंल," लोक म्हणायचे. मी निर्लज्जासारखा हसायचो.

बुद्धविहारात तिच्या पुण्यानुमोदनाला, तिच्या आठवणी सांगताना, कुणीतरी बोलून गेलं, "अण्णांसारखा शिकलेला नवरा मिळाला म्हणून..." मी ताडकन उठलो. "नाय! मी दहावी नापास हाय. ती माझ्या पुढं गेली, स्वतःच्या हिमतीवर."

तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "आम्हाला म्हाईत हाय की! तुमच्या बहिणीनं कवाच सांगितलं." सगळा विहार हसला. मीही हसलो, अंग हलकं झालं.

सतरा नंबरचा फॉर्म आता मीही भरलाय. खिडकीजवळच्या तिच्या टेबलावर तिचीच वही घेऊन बसतो. प्रत्येक सुटलेल्या गणिताखाली तिनं शिसपेन्सिलीनं लिहिलंय, 'आलं!' काल माझंही एक सुटलं. रिकाम्या घरात मी मोठ्यानं ओरडलो, "वत्सले, आलं गं!"