काठीखालची ओळ

मी आज शिक्षक आहे तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे शाळेचं आणि अहवालांचं इतकं काही येणार आहे की ते राहून जाईल.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या घरात तोवर कोणी दहावीपर्यंतही गेलं नव्हतं. आई-बाबा मजुरीला जायचे, मी तान्हा होतो, मला सांभाळायला ताईने पाचवीत शाळा सोडली, असं मी कळायला लागल्यापासून ऐकत आलो. पुढे लग्न होऊन ती नांदुऱ्याला गेली, बाजार समितीत धान्य चाळायच्या कामाला लागली आणि त्या कमाईतून माझं डी.एड. झालं, मग बी.ए. झालं. माझ्या पदवीच्या फोटोत ती माझ्या शेजारी उभी आहे. हात पदराखाली घेतलेत, कारण धान्याच्या धुळीने ते कायम भुरे दिसायचे.

मी शिकवतो ते गाव जानेफळच्या पुढे आहे. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. नोकरीच्या सुरुवातीला मी शाळेत लवकर जायचो, घंटा होण्याआधी फळा लिहून ठेवायचो. आता वेळेवर पोहोचतो. दिवसातला बराच वेळ फोनवर माहिती भरण्यात जातो; कालची भरलेली आज पुन्हा मागतात. शिकवून थकलो असतो तर बरं वाटलं असतं.

अशात गेल्या वर्षी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, बैठकीत सांगण्यात आलं की प्रत्येकाने एक कृतिसंशोधन करायचं. म्हणजे शिक्षकाने स्वतःच्याच वर्गातली एखादी अडचण निवडायची, काही वेगळं करून पाहायचं, त्याने फरक पडला का ते नोंदवायचं आणि अहवाल द्यायचा. बैठकीनंतर चहा पिताना शेजारच्या गावचे गुरुजी म्हणाले, "माह्याकडे मागच्या सालची फाईल हाय. शाळेचं नाव बदल अन् देऊन टाक."

"विषय काय आहे तिचा?"

"विषय कोण वाचते बे?"

मीही तेच केलं असतं. फाईल घरी आणलीसुद्धा. पण तिच्यात एक रकाना होता: शिक्षकाने स्वतःच्या तासाचं केलेलं निरीक्षण. तेवढं तरी खरं लिहावं म्हणून मी एक दिवस फोन रेकॉर्डिंगवर लावून खिडकीत ठेवला आणि नेहमीसारखा तास घेतला.

आमच्या वर्गात वाचन सुरात चालायचं. धडा मी फळ्यावर उतरवायचो. चौथीतली एक मुलगी बांबूची काठी घेऊन पुढे उभी राहायची, काठी शब्दांखालून फिरवत एक वाक्य म्हणायची, आणि सगळा वर्ग तिच्यामागे म्हणायचा. तिचा आवाज खणखणीत. शाळेसमोरच तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. मशीन चालवता चालवता ते ऐकायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे माही पोरगी." गावात शाळेची परीक्षा अशीच होते. आवाज आला म्हणजे शिकवणं चालू आहे. मुलगी हुशार आहे याबद्दल कोणालाच शंका नव्हती, मलाही नाही. पाचवीसाठी गावाबाहेर बसने जावं लागतं, आणि शिंप्याने केव्हाच ठरवलं होतं की थोरलीला नाही पाठवलं, पण ही हुशार आहे, हिला पाठवायचं.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसून रेकॉर्डिंग ऐकलं. आधी स्वतःचाच आवाज ऐकून कंटाळा आला. "समजलं का?" असं मी सारखं विचारत होतो आणि "हो सर" यायच्या आत पुढे जात होतो. मग सुरातलं वाचन लागलं. समोर फळा तसाच होता, पुसलेला नव्हता. मी ऐकत ऐकत फळ्यावरून नजर फिरवत होतो आणि एका जागी अडलो. धडा उतरवताना माझं एक वाक्य सुटलं होतं. फळ्यावर ते नव्हतंच. रेकॉर्डिंगमध्ये मात्र होतं, पूर्ण, स्पष्ट, सगळ्या वर्गाच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी मी तोच धडा फळ्यावर लिहिला, पण वाक्यांचा क्रम बदलून. काही बोललो नाही, काठी मुलीच्या हातात दिली. काठी एका ओळीखालून चालली होती आणि आवाज पुस्तकातल्या ओळीचा येत होता. वर्ग आवाजामागे गेला. काठीकडे कोणी पाहिलं नाही. चौथ्या-पाचव्या वाक्याला मुलीच्या काहीतरी ध्यानात आलं. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, आणि पाहत पाहतच धडा शेवटापर्यंत म्हणून टाकला.

मग मी एकेका मुलाला खिडकीजवळ बोलावून वाचायला दिलं. बरीच मुलं अडली. मुलगी तर पुस्तकाबाहेरचं एक वाक्यही वाचू शकली नाही. तिला पुस्तक पाठ होतं. पहिलीपासून चौथीपर्यंतचं सगळं.

हे मी शिंप्याला सांगितलं असतं तर तिचं पाचवीत जाणं तिथेच संपलं असतं. न सांगता तिला पुढे ढकललं असतं तर नव्या शाळेत पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. माझ्याकडे वार्षिक परीक्षेपर्यंतचा वेळ होता. आणलेली फाईल मी परत केली.

पहिला उपाय फसला. मी तिला मुळाक्षरांचा तक्ता दिला. तिने तो उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "हे तं पहिलीवाल्याचं हाय." ती दोन दिवस शाळेत आलीच नाही. माझ्या नोंदीत मी लिहिलं: तक्ता नको, तिचा अपमान होतो. नोंद कसली, स्वतःलाच दिलेली ताकीद होती ती.

मग वेगळं केलं. तिला म्हटलं, तू बोल, मी लिहितो. ती म्हणाली, "बाबाची सुई तुटली." मी ते कागदाच्या पट्टीवर लिहिलं, शब्दाशब्दाला कापलं, मिसळलं आणि तिला परत जुळवायला दिलं. स्वतःचं वाक्य असल्यामुळे तिला ते टाकवत नव्हतं. इतर मुलांसाठीही तेच. रोज अर्धा तास सुरातलं वाचन बंद, चार-पाच मुलं माझ्याजवळ, बाकीची आपापल्या पट्ट्यांशी.

त्या अर्ध्या तासात शाळा गप्प झाली आणि गावाला ते चाललं नाही. पारावरून एकाने विचारलं, "काय सर, शाळा झोपली काय?" दुसरा म्हणाला, "सरले फोन मोठा भेटला आता." मुख्याध्यापक भले माणूस आहेत, निवृत्तीला टेकलेत. ते म्हणाले, "सर, तुमचं चांगलंच हाय. पण आदी ते पोर्टल भरा, मंग पट्ट्या कापा." शिंप्याने मला रस्त्यात थांबवलं.

"सर, पोरीनं काही चूक केली काय?"

"नाही हो."

"मंग तिचा आवाज काऊन येत नाई?"

"वेगळं शिकवणं चालू आहे," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही.

भाऊबीजेला नांदुऱ्याला गेलो तेव्हा पिशवीत कापायच्या पट्ट्या होत्या. ताई कात्री घेऊन बसली. कापता कापता मी तिला मुलीचं सांगितलं, काठीचं, सुटलेल्या वाक्याचं. मला वाटलं ती हसेल. तिने कात्री खाली ठेवली.

"माह्या हाती बी काठीच होती," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"चौथीपोतर मी पुढं उभी राहो. समदे म्हणत, हे पोरगी मास्तरीण होते. पाचवीत दुसऱ्या गावच्या शाळेत गेलो, पह्यल्याच दिवशी मास्तरनं पुस्तक खोललं अन् एकटीले म्हटलं, वाच. सूर नाई, पोरं नाई मागं. मी उभी राह्यलो, राह्यलो, अन् दप्तर घेऊन घरी आलो. आईले म्हटलं, मी आता बाबूले सांभाळतो."

बाबू म्हणजे मी.

"मग माझ्यासाठी शाळा सोडली, असं सगळे म्हणतात ते?"

"म्हणत होते, मी म्हणू देलं. तुह्यावर फुकटचे उपकार चढले," ती म्हणाली आणि आता मात्र हसली. "वापस घेशीन काय?"

लहानपणापासून ज्या एका गोष्टीवर मी उभा होतो ती सरकली होती. पण बाजार समितीतली धूळ सरकली नव्हती, ती तिने खरोखरच खाल्ली होती. निघताना ती म्हणाली, "हे चार-पाच पट्ट्या ठेवू दे मले. अन् त्या पोरीचं कोनाले सांगू नको, पण तिले एकटीनं वाचाले लाव. मानसं असताना लाव."

हिवाळाभर तेच केलं. आधी माझ्यासमोर, मग दोन मैत्रिणींसमोर, मग वर्गासमोर. जोडाक्षर आलं की ती थांबायची, ओठ आवळायची. सुरातलं वाचन मी पुन्हा सुरू केलं, पण वेगळ्या रीतीने: काठी आधी, आवाज नंतर. काठी कोणत्याही शब्दाखाली थांबेल, आणि वर्गाने तोच शब्द म्हणायचा. काठी तिच्याच हातात ठेवली. पट्ट्यांमुळे फरक पडला, की मी रोज एकेकाजवळ बसलो त्यामुळे, हे मला आजही सांगता येत नाही. दोन-तीन मुलं होती तिथेच राहिली. अहवालात मी तेही लिहिलं. बैठकीत केंद्रप्रमुख साहेब म्हणाले, "निष्कर्ष जरा सकारात्मक लिहा ना." मी म्हटलं, झालं ते लिहिलं. त्यांनी अहवाल गठ्ठ्यात ठेवला आणि दुसऱ्याला बोलावलं. ज्यासाठी वर्षभर जीव आटवला ते गठ्ठ्यात गेलं, आणि मला वाईट वाटण्याइतकाही जोर उरला नव्हता.

परीक्षेनंतर एका दुपारी शिंप्याने मला दुकानात बोलावलं. दोन गिऱ्हाइकं बसलेली. मुलगी काजं करत होती. त्याच्याकडे नुकतीच एक लग्नपत्रिका आली होती. ती त्याने मुलीपुढे धरली. "वाच सरसमोर."

तिने पत्रिका घेतली. एक एक शब्द, सावकाश, बोट ठेवून. 'आग्रहाचे'वर अडली, मागे गेली, पुन्हा आली. सूर नव्हता, खणखणीत तर अजिबात नव्हतं. शिंप्याचा चेहरा उतरत गेला.

"पाहा सर," तो म्हणाला, "पह्यले कशी धडाधडा वाचे. आता अडखळून राह्यली. हिले आता पुढं शिकवून काय फायदा?"

मुलगी खाली पाहत होती. इतके महिने जे सांगायचं टाळलं होतं ते मला गिऱ्हाइकांसमोर सांगावं लागलं.

"भाऊ, पहिले ती वाचत नव्हती. पाठ म्हणत होती. मला वर्ष-सव्वा वर्ष कळलं नाही, तुम्हाला कसं कळणार? आता ही पत्रिका तिने आधी कधी पाहिलीय का?"

"आताच तं आली."

"मग तिला पाठ कुठून असेल?"

शिंप्याने मशीनवरचा हात काढला. मग मुलीला म्हणाला, "लगन कुठं हाय, ते पाह्य."

तिने बोट खाली नेलं. "दे-ऊ-ळ-गाव. देऊळगाव राजा."

"अन् जेवन?"

"बा-ला-जी... बालाजी मंदिरामागं."

गिऱ्हाइकांपैकी एक म्हणाला, "बराबर हाय, मले बी तेच सांगतलं." शिंप्याने पत्रिका तिच्या हातातून घेतली नाही. मशीनमध्ये कापड सरकवत, माझ्याकडे न पाहता त्याने विचारलं, "सर, बसचा पास कुठून काढा लागते?"

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या संध्याकाळी मी ताईला पत्र लिहिलं. ताईची मुलगी फोनवर म्हणाली होती की आई पट्ट्या घेऊन बसते, आता दुकानांच्या पाट्याही वाचून पाहते, जोडाक्षराला मात्र अडते. पत्र मोठ्या अक्षरात लिहिलं, आमच्या घरच्या बोलीत, आणि पोस्टात टाकलं. ते असं:

ताई,

ती पोरगी आज पाचवीत गेली. सकाळी गाडी आली. तिचा बाप मशीन बंद ठेवून गाडीजवळ उभा होता. मीपण होतो. पोरगी खिडकीजवळ बसली.

पाच वाजता गाडी परत आली, तवा मी तिथंच होतो. मी विचारलं, एकटीले वाचाले लावलं का? ती बोलली, हो, उभं करून लावलं. कोणी हसलं का? हो, एक पोरगी हसली. मंग तू काय केलं? ती बोलली, ओळ पुरी केली, मंग खाली बसली.

ती मधातून घरी आली नाही, ताई. सकाळी परत जाते.

तू शाळा काऊन सोडली ते मले कळलं. तरी मी जो काही आहे तो तूच केला. यात काही कमी होत नाही.

या चिठीत जोडून लिहिलेलं एकपण नाही, मी दोनदा पाहून घेतलं. हळू वाच. अडली तर थांब, भाचीले विचारू नको, मागं जा अन परत ये.

वाचून झालं की फोन करू नको. दोन ओळी लिही. चुका होऊ दे.

तुझा भाऊ