कॉटखालच्या घागरी

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमच्या गावाला मोठा आनंद झाला. आता कोर्टकचेरीला आणि मोठ्या आजाराला उस्मानाबाद गाठायला नको, लातूर जवळ होतं. पुढं पाऊसच पडेना, तेव्हा माझे वडील म्हणायला लागले, "जिल्हा नवा दिला, पण पाणी जुन्याच जिल्ह्याकडं ठेवलं वाटतं."

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. मी अहमदपूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलेलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात गावातली माणसं वाळत चालली होती आणि माझी आई तेवढी भरत चालली होती. आधी चेहरा भरला, मग पाय. टँकरच्या रांगेत बायका तिला विचारायच्या, "काय खाती गं चोरून? आमाला बी सांग की." आईही हसायची. पुढं तिला आडवं झालं की दम लागायला लागला, तेव्हा आम्ही तिला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी वडिलांना आणि मला बाजूला घेतलं. आईची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. औषध सुरू केलंय, दोन-तीन दिवसांत लघवी सुटली तर ती वाचेल, नाहीतर अवघड आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आणि तोवर पाणी बंद. दिवसाकाठी चहासकट लहान गडवाभर, त्याच्यावर थेंब नाही.

आता पाणी बंद करणं एरवी सोपं गेलं असतं. पण आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही, आणि त्या साली फळं, बिस्किटं असलं कुणी आणत नव्हतं. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू न्यायची, म्हणून माणसं पाणी आणत होती. कुणी घागर, कुणी तेलाचा धुतलेला डबा, तोंडाला फडकं बांधून. एसटीच्या कंडक्टरनं लगेजचे पैसे मागितले की सांगायचे, "पेशंटचं औषध हाय." शिवाय लातूरचं पाणी जड, आजाऱ्याला बाधतं, अशी प्रत्येकाची खात्री होती. दुसऱ्या दिवशी आईच्या कॉटखाली एवढी भांडी झाली की झाडणारी बाई म्हणाली, "ह्या पेशंटची काय पाणपोई हाय का?"

त्यात कंधारहून मावशी आली. आईची थोरली बहीण. कडेवर घागर घेऊन दोन एसट्या बदलून आलेली. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेपुरतंच जाता यायचं, त्यामुळं आईजवळ तीच राहणार होती. तेव्हा घरातला शिकलेला म्हणून मी तिला समजवायला बसलो. माझे विषय मराठी आणि इतिहास, तरी मी मूत्रपिंडावर बरंच बोललो. मावशीनं सगळं मान हलवत ऐकलं.

"लई चांगलं सांगितलंस, लेकरा," ती म्हणाली आणि घागरीचं फडकं सोडायला लागली.

"मावशी, पाणी द्यायचं नाही म्हणून तर सांगून राहिलोय!"

"अरे, दुश्मनाला बी मरताना पाणी पाजतेत. ही तर माझी पाठची बहीण हाय. तहानेनं जीव गेला तर वर जाऊन मायला काय सांगू?"

आई कॉटवरून घागरीकडंच बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात त्या वॉर्डाच्या सिस्टर आल्या. ठेंगण्या, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज मोठा. आता मावशीची खरडपट्टी काढणार, असं मला वाटलं. सिस्टर मावशीशेजारी फरशीवर उकिडव्या बसल्या.

"कुठलं पाणी, मावशी?"

"कंधारचं."

"आस्सं. मी हिमायतनगरची."

"म्हंजे आपल्याच नांदेड जिल्ह्याची!" मावशीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी परदेशातला. "बघ की माय, ही लातूरची माणसं माझ्या बहिणीला पाणी देईनात."

सिस्टरांनी आईच्या पायावर अंगठा दाबला. बाजूला केला तरी खळगा तसाच राहिला.

"मावशी, हे काय हाय?"

"सूज."

"पाणी हाय. समदं पाणी. आत यायचं दार उघडं, भाईर जायचं बंद. बहीण हिरीत बुडून राहिली तर तुम्ही तिला वर वढाल का पाणी पाजाल?"

"वर वढीन की."

"मग वढा. ती आतून बुडून राहिली."

मावशीनं त्या खळग्यावरून स्वतःचं बोट फिरवलं. मग तिनं घागरीचं फडकं परत बांधलं आणि पदर तोंडाला लावून रडली. सिस्टरांनी तिला रडू दिलं. मग तिच्या हातात वाटी आणि कापूस दिला.

"हे तुमचं काम. कापूस भिजवायचा, घट्ट पिळायचा, ओठावरून फिरवायचा. आन् माझ्याबिगर कुणाचं ऐकायचं न्हाई. डॉक्टर आले तरी."

शेवटचं वाक्य त्या हसत बोलल्या होत्या. मावशीनं ते हसण्यावारी नेलं नाही, हे पुढं कळलं.

राहिला प्रश्न घागरींचा. एवढ्या लांबून आणलेलं पाणी परत न्या म्हणणं बरं दिसत नव्हतं. सिस्टरांनी कॉटभोवती पडदा ओढला, आईला उशीशी टेकवून बसवलं आणि मावशीला मदतीला घेऊन आईचं अंग पुसलं, केस धुतले. दारातून मला फक्त पाण्याचा आवाज येत होता. मग आईचा आवाज आला, "शिमग्यापास्नं डोक्यावर पाणी न्हाई पडलं, बाई." आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा एवढं लांब वाक्य बोलली होती. त्यानंतर कुणी पाणी घेऊन आलं की मावशी सांगायची, "ठिवा कॉटखाली. तुमच्या पाण्यानं उद्या आंघोळ." पाव्हणे खूश होऊन जायचे.

मावशी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आल्या. आमच्या गावात त्यांची जमीन मोठी, आणि सबंध शिवारात पाणी टिकून होतं ते त्यांच्याच विहिरीला. आई त्यांच्या शेतात राबलेली. आम्ही बौद्ध. आई नवी नवरी होती तेव्हा त्या विहिरीवर आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं आणि कुणीतरी वरून पाणी ओतायचं, अशी रीत होती. पुढं ती मोडली, पण विहिरीजवळ गेलं की आईचे पाय अजून आपोआप थांबत. आता मालकीणबाई स्वतः पितळी कळशी घेऊन, घामाघूम होऊन तिच्या कॉटजवळ उभ्या होत्या.

आई म्हणाली, "मालकीणबाई, जलमभर मी तुमच्या हिरीवर आले. आज हीर चालत आली, तर ही माणसं पिऊ देईनात."

दोघी हसल्या. आईला त्यानंच दम लागला. सिस्टरांनी काय ओळखलं कुणास ठाऊक, त्यांनी मालकीणबाईंच्या हातात पाण्याचा मग दिला आणि आईच्या पायांखाली घमेलं सरकवलं. "तुम्हीच घाला."

मालकीणबाईंनी वाकून आईच्या सुजलेल्या पायांवर पाणी घातलं. आई मावशीला म्हणाली, "बघ अक्का, आजबी वरूनच घालून राहिल्यात."

मला वाटलं, संपलं. मालकीणबाईंचा हात थांबला. मग त्या मान वर न करता म्हणाल्या, "गप गं. पाय हलवू नको," आणि खाली बसून, हातानं चोळून पाय धुवायला लागल्या.

चौथ्या दिवशी सकाळी वडील आणि मी आवारातल्या लिंबाखाली बसलो होतो. त्या आठवड्यात सिस्टरांची ड्यूटी दुपारची, त्या अजून आल्या नव्हत्या, पण मावशी पायरीवर येऊन त्यांच्यासारख्याच आवाजात ओरडली, "झाली! भांडं भरून झाली!"

वडील उठून उभे राहिले. माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही ते असे उठले नव्हते. झाडाखालच्या प्रत्येकाला ते सांगत सुटले, "झाली, झाली." एकानं विचारलं, "काय झालं, पोरगा का पोरगी?"

"लघवी," वडील म्हणाले आणि त्याला मिठी मारली.

थोड्या वेळानं डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हालाही आत घेतलं. तपासलं, हसले आणि म्हणाले, "आता पाणी वाढवा. एक गिलास द्या आत्ता."

"न्हाई," मावशी म्हणाली.

"अहो, मी डॉक्टर आहे."

"असाल. सिस्टरबाईंनी सांगितलंय, डॉक्टर आले तरी न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं, सकाळच्या सिस्टरनं समजावलं, मीही पुन्हा मूत्रपिंडावर बोललो. मावशी वाटी घेऊन कॉटसमोर पहारेकऱ्यासारखी उभी. डॉक्टरांनाही हसू आवरेना. "राहू दे, दुपारी द्या," म्हणून ते गेले. आई कॉटवरून म्हणाली, "अक्का, दुखण्यानं सोडलं, आता तू जीव घे!" त्या आवाजात जोर होता. तो ऐकून मला रडू आलं.

दुपारी सिस्टर आल्या, मावशीकडून सगळं ऐकलं आणि हसून हसून खुर्चीवर बसल्या. "द्या मावशी. मी सांगून राहिले, द्या."

मावशीनं घाईनं कंधारची घागर ओढली. रिकामी. तेलाचे डबे पालथे करून बघितले. मालकीणबाईंच्या कळशीतही थेंब नव्हता. तीन दिवसांत मावशीनं आईलाच नाही, आजूबाजूच्या चार पेशंटांनाही अंग पुसायला पाणी दिलं होतं. ज्या कॉटखाली अर्ध्या तालुक्याचं पाणी येऊन गेलं, तिथं प्यायला घोटभर उरलं नव्हतं.

सिस्टरांनी आपल्या पिशवीतून डब्याबरोबर आणलेली बाटली काढली आणि गिलासात ओतली. आईनं डोळे मिटून घोट घेतला.

"कुठलं गं पाणी, बाई?"

"टँकरचं."

"लई ग्वाड हाय."

दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. चौथ्याला मावशीनं गिलास हातातून काढून घेतला. "बास. बाकीचं संध्याकाळी."

आईनं सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी मावशीकडं बोट दाखवलं. "मला काय इचारता? वॉर्ड त्यांचा हाय."