वांडाचा पाय आणि आलिदाचा हट्ट

ओस्टडाउनकेर्क या गावाच्या किनाऱ्यावर घोड्यावर बसून कोळंबी धरणारी माणसं मुळातच हट्टी. थंडगार पाण्यात छातीपर्यंत घोडा घालायचा आणि तासन्‌तास मागे जाळं ओढत हिंडायचं, याला शहाणपण लागत नाही, हट्टच लागतो. पण आलिदा देस्वार्ते या सगळ्यांच्या वरताण. बाईने समुद्रात घोडा घालायचा नाही, ही इथली जुनी रीत तिने मोडली, तेव्हा म्हातारे वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. तिचं काही अडलं नाही. बोलायला तिची घोडी होती.

वांडा म्हणजे तांबूस रंगाची, बैलासारख्या बांध्याची घोडी. लाटेला न बुजणारा घोडा मोठ्या नशिबाने मिळतो आणि मिळाला तरी त्याला तयार करण्यात वर्षं जातात. वांडा मागच्या उजव्या पायाने लंगडायला लागली, तेव्हा आलिदाने लगेच जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. एक्स-रे काढला, तर मांडीच्या हाडात, अगदी सांध्याला लागून, पोकळी झालेली.

"हाडाला भोक?" शेजारचा कामिएल म्हणाला. किनाऱ्यावरचा सगळ्यात जुना घोडेस्वार तो. "मग संपलंच की, पोरी. खाटकाला फोन तू करतेस की मी करू?"

"तुमच्या डोक्यात त्याहून मोठं भोक आहे, काका. तुम्हाला कुणी नेलं का खाटकाकडे?"

जनावरांची डॉक्टर इनेके वयाने लहान, पण बोलायला स्वच्छ. घोडीच्याच छातीच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्या पोकळीत सोडायच्या. त्यांच्या आधाराने तिथे नवं हाड धरतं, असं तिने समजावलं. "दर वेळी धरतंच असं नाही हं," तीच पुढे म्हणाली. "आणि नंतर ठाणावरून हलवायचं नाही. समुद्र तर अजिबात नाही."

पेशी सोडल्या, जखम भरत आली. आणि आलिदाने माती खाल्ली. आमच्याकडे खाऱ्या पाण्यावर देवापेक्षा जास्त भरवसा. घोड्याचा पाय सुजला, नेऊन उभा करा समुद्रात. आज्यापणज्यांपासून हेच औषध. हिनेही विचार केला, खुराएवढ्या पाण्यात घटकाभर उभी केली तर कुठे बिघडतं? पण वांडाला खुराएवढं पाणी कुठलं ठाऊक! लाट दिसताच ती सरळ आत निघाली, आणि दोराला लोंबकळत मागोमाग आलिदा. दुसऱ्या दिवशी सांधा टम्म सुजला होता. घोडी पाय टेकवेना.

इनेके आली. आलिदाला थाप मारता आली असती. तिने मारली नाही. "मी समुद्रात नेली तिला," ती म्हणाली.

इनेके बराच वेळ सांधा चाचपत राहिली. "सूज उतरेल. आतलं हाड धरतंय की नाही, ते काही महिन्यांनी कळेल. आता विश्रांती पुन्हा पहिल्यापासून."

त्यानंतर आलिदाने जे केलं, त्याला माझा दंडवत. ती नुसती किनाऱ्यावरून फिरून आली तरी तिच्या कपड्यांना खारा वास यायचा. तो वास आला की वांडा खिंकाळायची, दाराला धडका मारायची. मग आलिदाने समुद्रच सोडला. जिने तापातसुद्धा ओहोटी चुकवली नव्हती, तिने जाळं कामिएलच्या घरी टाकलं, तबेल्याची समुद्राकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आणि बाजारालाही ती मागच्या रस्त्याने जाऊ लागली. जूनमधल्या कोळंबीच्या मिरवणुकीसाठी लोकांनी दुसरा घोडा देऊ केला, तोही तिने नाकारला.

कामिएल दारातून ओरडला, "घोडी आजारी आणि तुरुंगात तू? हे कुठलं गं शास्त्र?"

"गुन्हा माझा होता, काका. आणि तुम्ही लांब उभे राहा, तुमच्या अंगाला समुद्राचा वास येतोय."

म्हातारा खरंच लांब सरकला. त्या दिवसापासून अंघोळ केल्याशिवाय तिच्या अंगणात आला नाही.

पुढच्या वसंतात नवा एक्स-रे आला. पोकळी बरीचशी हाडाने भरली होती. "पाण्यात जायला हरकत नाही," इनेके म्हणाली, "पण जाळं अजून नको."

आलिदा जाळ्याशिवायच गेली. किनाऱ्यावर फिरायला आलेले पाहुणे हसले. घोडीच्या पाठीवर रिकाम्या टोपल्या घेऊन ही बाई समुद्रात कशाला फिरतेय? वांडा मात्र पोटापर्यंतच्या पाण्यात आपल्या ठरलेल्या वाटेने चालत राहिली, आणि जाळं रिकामं करायची वेळ झाली तशी आपणहून वळली, वाळूवर येऊन थांबली. घोड्याला ही वेळ सांगावी लागत नाही.

रिकामं करायला काहीच नव्हतं. तरी आलिदा उतरली, कारण घोडी वाट बघत होती. आणि तिने पाहिलं, वांडाने विश्रांतीला मागचा डावा पाय सैल सोडला होता. सगळा भार उजव्यावर होता. दुखऱ्या पायावर घोडा असा कधी उभा राहत नाही.

"काका, बघा!" ती पलीकडे जाळं रिकामं करणाऱ्या कामिएलला ओरडून म्हणाली, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत भर वाळूत बसून रडायला लागली.